आरटीके रोव्हर 'फ्लोट'वरच अडकतो; तसेच पॉइंट घेतले तर चालतील का?

आरटीके म्हणजे दोन जीपीएस रिसीव्हर लावून जागेवरच सेंटीमीटरपर्यंतची मोजणी. त्यातला एका जागी स्थिर असलेला बेस तुमच्या नाशिकच्या ऑफिसच्या गच्चीवर, त्याच्याकडून येणाऱ्या दुरुस्त्या (करेक्शन) मोबाइल नेटवरून, आणि बांधाची मोजणी दिंडोरीकडे द्राक्षबागेत. तिथे रोव्हर, म्हणजे शेतात फिरवायचा रिसीव्हर, 'फ्लोट' (कच्चं उत्तर) सोडून 'फिक्स'वर (पक्क्या उत्तरावर) येत नाही, म्हणून तसेच पॉइंट घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. बांधासाठी घेऊ नका. नेट चांगलं असूनही फिक्स का येत नाही, ते समजलं तर पुढचं काम सोपं होईल.

जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी १९ सेंटीमीटर. तिचा साधारण शंभरावा भाग, म्हणजे दोनेक मिलिमीटर, रिसीव्हर वाचू शकतो. पण उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, मध्ये दहा कोटींहून जास्त पूर्ण लहरी, आणि त्या नेमक्या किती हे सिग्नलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. टेपवरचे आकडे पुसले जाऊन फक्त बारीक रेघा शाबूत राहाव्यात, तसं. हा न कळलेला आकडा म्हणजे ॲम्बिग्युइटी.

बेस आणि रोव्हर, शिवाय दोन उपग्रह, अशी दुहेरी वजाबाकी केली की घड्याळांच्या चुका उडून जातात आणि उरलेली ॲम्बिग्युइटी पूर्णांकच असायला हवी. सगळी अचूकता या एका गोष्टीवर उभी आहे. सॉफ्टवेअर आधी ही अट न लावता गणित सोडवतं; उत्तर ४.३७ असं काहीतरी येतं. तो फ्लोट. पूर्णांक ठरले की फिक्स.

मग ४.३७ चे सरळ ४ का करत नाहीत? कारण सगळ्या उपग्रहांच्या आकड्यांतल्या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात. काही सेकंदांत उपग्रह आकाशात फारसे सरकत नाहीत, त्यामुळे हे सगळे आकडे मिळून एकाच दिशेला वाहवत जातात. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या पीटर ट्यूनिसन यांनी लॅम्डा पद्धत मांडली: आधी हा गुंता सैल होईल अशी आकड्यांची नवी मांडणी करायची आणि मग पूर्णांक शोधायचे. मला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर गणित वाटतं. शेवटी पहिल्या क्रमांकाचा संच दुसऱ्यापेक्षा किती सरस आहे ते तपासतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा रेशो ३ च्या वर लागतो.

आता तुमची अडचण. बेसपासून रोव्हर वीस-पंचवीस किलोमीटर लांब गेला की दोघांवरचा आयनोस्फिअर (सिग्नलला उशीर लावणारा वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) सारखा राहत नाही आणि वजाबाकीत पुरता उडत नाही. आपल्या अक्षांशावर तो दुपारी जास्त त्रास देतो. त्यात बागेतले लोखंडी अँगल, तारा आणि वरची जाळी: परावर्तित सिग्नल येतात, लॉक (उपग्रहाच्या सिग्नलवरची पकड) तुटतो, मोजलेल्या लहरींची साखळी तुटते (सायकल स्लिप) आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बेस शेताजवळ आणा, किंवा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स नेटवर्कवरून (कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांच्या जाळ्यावरून) करेक्शन घ्या. सकाळी लवकर काम धरा, पोल मांडवाच्या वर काढा.

फ्लोटपेक्षा मला भीती वाटते ती खोट्या फिक्सची. एखाद्या उपग्रहाचा आकडा एकाने जरी चुकला, तरी स्क्रीनवर दोन सेंटीमीटरच दिसतं आणि खुंटी वीतभर सरकलेली असते. बांधावरून भावाभावांत वाद असतो तिथे वीतभर फार होते. म्हणून हद्दीचा प्रत्येक पॉइंट घेतल्यावर अँटेना झाकून किंवा उलटी करून लॉक मुद्दाम तोडा, नवा फिक्स येऊ द्या आणि पॉइंट पुन्हा घ्या. जमलं तर अर्ध्या-एक तासाने, उपग्रह सरकल्यावर, तिसऱ्यांदा. तिन्ही दोन-तीन सेंटीमीटरांत जुळले तरच खुंटी ठोका.

आधीच घेतलेल्या फ्लोट पॉइंटचं म्हणाल, तर बेस आणि रोव्हर दोन्हीकडे रॉ डेटा (उपग्रहांची मूळ मोजमापं) लॉग झाला असेल तर पोस्ट-प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर गणित करून, बरेच वाचू शकतात. तिथे आकडेमोड मागून-पुढून दोन्ही बाजूंनी करता येते. रॉ डेटा नसेल तर पुन्हा शेतात जावं लागेल.