वाचक विचारतात : कॅमेऱ्याचं वेड आणि यूट्यूबची कमाई

प्रश्न : लहानपणापासून कॅमेऱ्याचं वेड आहे. पैसे साठवून कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ लेन्स आहे. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांवर व्हिडिओ करतो. पण आवाज घुमतो आणि ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकतात. नवा कॅमेरा घ्यावा का? आणि यावर पोट भरेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नवा कॅमेरा अजिबात घेऊ नका. तुमच्या दोन्ही अडचणी याच कॅमेऱ्यावर सुटतात.

आधी पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/६० सेकंदावर असेल तर हा ताल जुळत नाही, आणि पट्टे सरकू लागतात. मेनूत व्हिडिओ सिस्टीम ‘पाल’ (५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी) करा, २५ फ्रेम निवडा, एक्स्पोजर मॅन्युअलवर घेऊन शटर १/५० ठेवा. अंधार वाटला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवा, शटरला हात लावू नका. दारातून ऊन येत असेल तर शक्यतो ट्यूब बंदच करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा दिसतो. फोकसही मॅन्युअल ठेवा. या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस व्हिडिओत मागेपुढे शोधत राहतो आणि लेन्सच्या मोटरची घरघर आवाजात उतरते.

आता आवाज, खरं काम इथेच आहे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून कारागीर जवारी काढतो तेव्हा तारेचा सूर कसा खुलत जातो, हे ऐकायलाच माणूस तुमच्या व्हिडिओवर थांबेल. १५००डीला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. म्हणून साधा कॉलर माइक फोनला जोडा आणि आवाज फोनवर वेगळा घ्या. माइक कारागिराच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर हवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये करा, आणि सगळ्यात मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. पातळी शून्याला टेकली की सूर फाटतो आणि फाटलेला सूर नंतर दुरुस्त होत नाही. घुमतो तो भिंतींवरून परत आलेला आवाज, म्हणून माइकसमोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. पंखा बंद. रेडिओही बंद : मागे सिनेगीत वाजत राहिलं तर हक्कदाराचा दावा लागतो आणि त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे जाऊ शकते.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. संपादनात टाळीवर टाळी बसवली की चित्र-आवाज जुळतात. दोन्ही यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, त्यामुळे लांब टेकमध्ये ओठ आणि शब्द सुटतात. टेक दहा मिनिटांच्या आत ठेवा. दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. लाकडाचा भुसा उडत असताना कारखान्यात लेन्स काढू नका. सेन्सरवर बसलेला कण प्रत्येक फ्रेममध्ये दिसतो.

पोटाचं. जाहिरातींच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमधली पाहणी त्या ४,००० तासांत धरत नाहीत, हे अनेकांना उशिरा कळतं. लोक सरासरी चार मिनिटं पाहत असतील तर ४,००० तासांना ६०,००० व्ह्यूज हवेत. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के तुम्हाला मिळतात. ॲडसेन्सवर, म्हणजे गूगलच्या जाहिरात-कमाईच्या खात्यावर, १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. पत्त्यात गल्ली, जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहा. पैसे १०० डॉलर झाल्यावर बँकेत येतात. ॲडसेन्समधला कराचा फॉर्म भरा. नाहीतर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापलं जाऊ शकतं.

हे पैसे सुरुवातीला फार थोडे असतात. तोवर लग्न-मुंजीची, दुकानांची चित्रीकरणं घ्या, त्यातून हातही बसतो. कारागिराची लेखी परवानगी मात्र पहिल्याच दिवशी घ्या, आणि व्हिडिओतून वाद्याची मागणी आली तर ती थेट त्यांच्याकडे पोचवा.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. बेदाण्याच्या शेडवर व्हिडिओ करतो. कमाई सुरू करता येईल का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : येईल, पण ॲडसेन्स खातं १८ वर्षांवरच्या व्यक्तीचं लागतं, म्हणजे तुमचं. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी तंतोतंत जुळवा. एकट्याने लाइव्ह जायला त्याला १६ पूर्ण व्हावी लागतील. शेडवर द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंगच्या द्रावणात बुडवतात तेव्हा कॅमेरा दूर ठेवायला सांगा. शिंतोडा लेन्सवर सुकला की काच पुसताना ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग ओलसर मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसायचं.