कारण नको सांगू, वेळ सांग

बाबू,

तुझा मेसेज वाचला. चार स्क्रीन भरून लिहिलंस, त्यात तीनदा 'लॉकडाऊनमुळे लागलं सर'. बरं, मान्य. पुढे?

गांजा वाईट असतो हे सांगायला मी बसलो नाही, ते तुला कळतं. तू हुशार आहेस, सगळं ठीक होईल, हे पण नाही सांगणार, तुझी आई रोज सांगते ते. मी एकच विचारून राहिलो: किती वाजता ओढतो? काऊन ओढतो ते नको सांगू बे, किती वाजता ते सांग. मेसेजमध्ये प्लेसमेंट आहे, बाबांची कटकट आहे, आजोबा आहेत, घड्याळ कुठेच नाही.

तूच मागे सांगितलेलं जोडून बघतो. कोरोनाच्या आधी शनिवारी मित्राच्या रूमवर चौघं बसायचे, एक जॉइंट फिरायचा, तुझ्या वाट्याला चार-पाच कश, मग सगळे मिळून तर्री पोहे खायला. 11 मार्च 2020 ला नागपुरात पहिला पेशंट निघाला, 25 पासून अख्खा देश बंद. आता उष्टं कोण ओढणार, म्हणून जो तो आपापलं वळायला लागला, म्हणजे चौघांत फिरणारा जॉइंट अख्खा तुझा झाला, आणि 'बस झालं बे' म्हणणारा समोर कोणी नाही. पुन्हा माल कधी मिळेल भरवसा नाही म्हणून पुडीऐवजी महिन्याचा साठा कपाटात, आणि घरात असलं की हात जातोच. शनिवार तर उरलाच नव्हता, सगळे वार सारखेच. मग शनिवारची जागा कोणी घेतली? रात्रीच्या साडेदहाने. बाबा झोपले, आई झोपली, तू गच्चीवर. लॉकडाऊन उठला, कॉलेज संपलं, नोकरी लागली, साडेदहा तिथेच आहे. म्हणून म्हणतो, वेळ सांग.

आणि हे तुझ्या एकट्याचं नाही. नेदरलँड्समध्ये 15 मार्च 2020 ला संध्याकाळी सहापासून कॉफी शॉप बंद असं ऐनवेळी जाहीर झालं तर लोक गांजासाठी रांगा लावून उभे. संयुक्त राष्ट्रांचा 2022 चा ड्रग रिपोर्ट पण तेच म्हणतो, लॉकडाऊनमध्ये लोक जास्त आणि जास्त वेळा ओढायला लागले. पण अमेरिकेतल्या 19 ते 30 वयाच्या पोरापोरींचे आकडे बघ: वर्षभरात एकदा तरी घेतलेले 2011 ला 29 टक्के, 2016 ला 34, 2021 ला 43. रोज किंवा जवळपास रोज घेणारे 6, मग 8, मग 11. चढण आधीपासूनच होती ना. आपल्याकडे एम्सचा सर्व्हे 2019 चा, कोरोनाच्या आधीचा, त्यातच भांग-गांजा-चरसच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले 72 लाख लोक. तेव्हा सगळं खापर त्या दोन वर्षांवर फोडू नको. आजोबा दुसऱ्या लाटेत गेले, शेवटचं बघायला पण मिळालं नाही, ते दुःख खरं आहे, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही, त्यासाठी रड, माझ्याकडे येऊन रड. पण ते दुःख रोज बरोबर साडेदहालाच कसं येतं, एवढं सांग.

माझा खर्रा, सुपारी-तंबाखू घोटलेला, तू पाहिला आहेस. पानठेले बंद झाले तेव्हा या शहरात लोक दुप्पट-तिप्पट भावात लपूनछपून खर्रा घेत होते, मी पण त्यातला. टेन्शन होतं म्हणून खातो, असं मी वीस वर्षं म्हणत आलो, आणि टेन्शन काही संपत नसतं. सुटला कसा, तर मी वेळ लिहायला लागलो. दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री अभ्यासिकेचं शटर लावताना, बाकी दिवसभर आठवण पण नाही! त्या दोन वेळांना हात गुंतवले, सुटला. सुपारीनं तोंड आखडलंय ते आखडलंच, आजही पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. लोक म्हणतात सर हेकट आहेत, एकच एक धरून बसतात. बसतो. दहा उपाय सांगणाऱ्यांकडे गेलेली पोरं पण पाहिली मी.

माझी बायको म्हणते पोराच्या बापाला सांगा. नाही सांगितलं आणि नाही सांगणार. तू काही शाळकरी नाहीस, आणि बाबांना कळलं असतं तर घरात महिनाभर कारणांचाच पंचनामा झाला असता, साडेदहाला कोणी हात लावला नसता. यात मी बरोबर आहे, पुढेमागे तुलाही पटेल, नाही पटलं तरी चालेल.

आता कामाचं. बंद केलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, भूक मेलेली, झोप नाही, झोप लागली तर भलतीसलती स्वप्नं. पहिला आठवडा बेकार, साधारण दोन आठवड्यांत उतरतं, झोपेला जास्त वेळ लागू शकतो. तू मागच्या वेळी चौथ्या दिवशी 'माझी एंग्झायटी परत आली' म्हणून पुन्हा गच्चीवर गेलास. बाबू, ती एंग्झायटी बरीचशी सोडण्याचीच होती रे! वरून तू सिगारेटची तंबाखू मिसळतो, म्हणजे निकोटीनची तलफ वेगळीच.

भांग चालते मग गांजा काऊन नाही, हा तुझा आवडता वाद. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात पान सोडलंय, फुलोरा धरलाय, म्हणून. आणि थोडासा माल असला तर काही होत नाही हे डोक्यातून काढ, एक किलोच्या आतलं 'कमी' धरतात पण त्यालाही वर्षभरापर्यंत कैद आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला संरक्षण द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. वाद घालू आपण, मला मजा येते, पण दुपारी. साडेदहाला नाही.

एक सोडून. कोणी मागावर आहे असं वाटलं, कानात आवाज आले, जीव नकोसा झाला, तर घड्याळ गेलं खड्ड्यात, मध्यरात्री मला उठव, आपण सरळ मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊ. मी फोन नाही उचलला तर 14416 लाव, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे ती. व्यसनासाठीचा नंबर 14446. मानसोपचारच्या ओपीडीत तसं पण एकदा दाखवायचंच आहे, मी येतो सोबत, डॉक्टरला कारणं सांग हवी तेवढी, त्यांचं ते काम आहे.

उद्यापासून जेवण आटोपून अभ्यासिकेत यायचं. अकरापर्यंत बसायचं, वाच, नको वाचू, नवीन पुस्तकांना कव्हर घाल, पण साडेदहाला तू माझ्यासमोर पाहिजे. कपाटातला साठा आधी फेकून ये, 'संपेपर्यंत' वगैरे चालणार नाही. सोबत वही आण, तलफ आली की फक्त वेळ लिहायची, बाजूला एक शब्द नको. आणि दहाच्या आत ये, त्यानंतर चौकीदार खालचं गेट लावतो आणि तो माझं पण ऐकत नाही.

तुझे सर