लकव्यानंतर जाणारा तोल आणि डोक्याला लावायचे यंत्र

आपल्या वडिलांना लकवा होऊन आठ महिने झाले, उजव्या हातापायातली ताकद बरीचशी परत आली, तरी अंगणात वळताना त्यांचा तोल जातो. नागपूरला शस्त्रक्रियेविना डोक्याला यंत्र लावून तोल सुधारतात असे कळल्यावर कापसाच्या पैशातून तो खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चौदा वर्षांपासून फिजिओथेरपी करतो. माझे मत असे की हे यंत्र थोतांड नाही. मात्र त्याचा उपयोग व्यायामाला जोडूनच होतो, आणि तो व्यायाम रोज करून घेणारे कोणी नसेल तर आपण जाऊ नये.

अशा उपचाराच्या दोन पद्धती अधिक प्रचलित आहेत. टीडीसीएस या पद्धतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज डोक्यावर बांधून साधारण 1 ते 2 मिलिअँपिअर इतका सौम्य वीजप्रवाह वीसेक मिनिटे देतात. त्याने मेंदूतील पेशी स्वतःहून संदेश सोडत नाहीत, केवळ संदेश सोडण्यास अधिक किंवा कमी तयार होतात. टीएमएस ही पद्धत 1985 मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर यांनी दाखवून दिली; तीत तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय स्पंदने सोडून कवटीच्या आतील पेशी प्रत्यक्ष चेतवल्या जातात. तोलासाठी पुष्कळदा लहान मेंदू, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले अनुमस्तिष्क, निवडतात, कारण डोळे, आतला कान आणि पायांचे तळवे व सांधे यांच्याकडून येणाऱ्या माहितीचा मेळ घालून हालचाल सावरण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

इटलीतील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी मला या बाबतीत सर्वांत बोलकी वाटते. अर्धांगवायू झालेल्या 36 रुग्णांपैकी काहींना लुळ्या बाजूच्याच लहान मेंदूवर (आपल्या वडिलांच्या बाबतीत तो उजवा) तीन आठवडे खरी स्पंदने दिली आणि बाकीच्यांना लटकी. व्यायाम मात्र सर्वांकडून करून घेतला, आणि स्पंदने रोज व्यायामाच्या अगदी आधी दिली. तोल मोजण्याच्या बर्ग मापनात, ज्यात 14 कृतींना मिळून 56 गुण असतात, खऱ्या स्पंदनांच्या गटाची सरासरी सुमारे 34 वरून 43 च्या आसपास गेली. रोजची कामे स्वतः करण्याच्या मापनात मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. इतर अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत आणि त्यांतील बहुतेक लहान आहेत, त्यामुळे खात्रीने गुण येईल असे सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये.

माझ्या एका रुग्णाने शहरातील एका केंद्रात दहा वेळा हे उपचार घेतले, पण तिथे त्यांच्याकडून कोणी एक पाऊलही टाकून घेतले नाही, आणि एसटीने रोज जाऊन-येऊन ते इतके दमत की घरी आल्यावर बाजेवर पडून राहत. ते आले तेव्हा त्यांचा तोल होता तसाच होता, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्याला जायचेच असेल तर नागपुरात नातेवाइकांकडे तीन आठवडे मुक्काम करावा. वडिलांना कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र) किंवा छातीत पेसमेकर असेल, तर ते आधीच सांगावे. ऑनलाइन मिळणारी बॅटरीची यंत्रे घरी मुळीच लावू नयेत. चुकीच्या वापराने त्वचा भाजते.

नागपूरला जाण्याआधी तोल नेमका कशाने जातो, हे पाहणे फार आवश्यक आहे. रक्तदाबाच्या गोळीमुळे उभे राहताच दाब उतरत असेल, मोतीबिंदू असेल, किंवा मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेली असेल, तर डोक्यावरचे यंत्र त्यावर काय करणार? तळव्यांची जाणीव कमी झालेला माणूस डोळ्यांच्या आधाराने सावरतो, म्हणूनच वीज गेलेल्या रात्री लघवीला उठताना तो पडतो. बाजेजवळ टॉर्च आजच ठेवावा.

व्यायाम ओसरीच्या खांबाजवळ सुरू करावा: घट्ट खुर्चीवरून हात न टेकता उठणे, उजव्या पायावर भार घेऊन उभे राहणे, मग हळूहळू वळणे, आणि आपण त्यांच्या उजव्या बाजूला किंचित मागे उभे असणे. फरशीवर जमले की अंगणात, आणि त्यानंतरच शेताच्या पांदणीवर. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटतो आणि निसरडाही असतो, तेव्हा तिकडे नेऊ नये.

नागपूरच्या केंद्रात फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या आणि शेवटच्या दिवशी बर्ग मापन लिहून देणार का, आणि यंत्र काढल्यावर लगेच व्यायाम कोण करून घेणार. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी माणसाचे नाव सांगितले नाही, तर तेच पैसे तालुक्याच्या गावातील फिजिओथेरपिस्टला तीन महिने घरी बोलावण्यासाठी वापरावेत, असे मी माझ्या स्वतःच्या वडिलांच्या बाबतीतही ठरवले असते.