बग सापडला म्हणून लगेच बंदी नको

कोपरी, ठाणे (पूर्व)

प्रिय दोस्ता,

ऐरोलीच्या तुमच्या हॉलमधल्या एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धखेळाच्या स्पर्धेत क्विक-वॉलवरून भांडण झालं आणि आता तिच्यावर बंदी घालावी का, असं तू विचारलंस. घालू नकोस. मात्र कारण नीट समजून घे, कारण पुढच्या वेळी युक्ती दुसरीच असेल आणि तेव्हा कदाचित बंदीच लागेल.

क्विक-वॉल म्हणजे हे : घोडेस्वार अंगावर आले की खेळाडू व्हिलेजरभोवती, म्हणजे आपल्या कामगाराभोवती, घरांची किंवा लाकडी कुंपणाची फाउंडेशनं, म्हणजे अजून न बांधलेल्या बांधकामाच्या खुणा, टाकतो. नुसत्या टाकलेल्या फाउंडेशनवरून घोडा आरपार जातो, पण व्हिलेजरने एक ठोका मारला की ती भरीव होते आणि वाट अडते. न बांधलेलं घर घोडा कसं अडवतं, हा हरलेल्या पोराचा राग समजतो. पण किंमत बघ. घराचं २५ लाकूड टाकताक्षणी वजा होतं, व्हिलेजर तेवढा वेळ काम सोडून पळतो, आणि अर्धवट घर थोड्याच वारांत पडतं. घोडे दोन बाजूंनी आणले तर कोंडी पूर्ण व्हायच्या आतच ती फुटते. वापरणाऱ्याला मोजावं लागतं आणि समोरच्याकडे उत्तर असतं, मग खेळ बनवणाऱ्यांचा मूळ हेतू काय होता याने फारसा फरक पडत नाही.

याचा सर्वांत चांगला दाखला स्टारक्राफ्ट : ब्रूड वॉरमध्ये आहे. तिथे एका गटात जास्तीत जास्त १२ युनिट, म्हणजे खेळाडूच्या हुकमातली पात्रं. ११ म्युटालिस्क (उडणारे हल्लेखोर) घ्यायचे आणि बारावा एखादा लांब उभा असलेला ओव्हरलॉर्ड (तोही उडणाराच, पण संथ). गट जवळजवळ असला तर खेळ त्याची रचना राखतो, पण एक सदस्य फार लांब असला की सगळ्यांना थेट क्लिक केलेल्या बिंदूवर पाठवतो. उडणारी युनिट एकमेकांना अडत नाहीत, त्यामुळे अकराही एकावर एक बसतात आणि एकाच ठिकाणी एकदम मारा करतात. हे कोणी ठरवून बनवलेलं नव्हतं. तरी खेळ मोडला नाही, कारण एकावर एक बसलेल्यांना इरॅडिएट या अस्त्राचा किंवा व्हाल्किरी या विमानाचा पसरणारा मारा एकदमच लागतो. ब्लिझार्डने त्या खेळाच्या बॅलन्सला शेवटचा हात लावला २००१ मध्ये. त्यानंतर तोल सांभाळला तो मुख्यतः कोरियातल्या लीगच्या मॅपनी, म्हणजे खेळाच्या मैदानांनी. तुझ्याही हातात कोड नाही, पण मॅपची यादी आहे. एखादी युक्ती एकाच मॅपवर डोईजड होत असेल, तर युक्तीला हात न लावता तो मॅप काढ.

याउलट डोटा २ बघ. त्याच्या २०१३ च्या द इंटरनॅशनल स्पर्धेत ना'व्ही संघाने टॉंगफू संघाविरुद्ध फाउंटन हुक वापरला. पज या पात्राने आकडा फेकायचा, त्याच क्षणी सोबतच्या चेन या पात्राच्या जादूने पज घरी पोहोचायचा, आणि आकड्यात अडकलेला शत्रू थेट फाउंटनपाशी, म्हणजे तळावरच्या शत्रूला मारणाऱ्या कारंज्यापाशी, येऊन मरायचा. टायमिंग अवघड होतं, हे खरं. पण एकदा आकडा लागल्यावर समोरच्याला करण्यासारखं काही उरत नव्हतं. सामन्याचा निकाल कायम राहिला आणि युक्ती पुढे पॅचने, म्हणजे खेळाच्या दुरुस्तीने, काढली. माझ्या मते दोन्ही योग्यच झालं.

एकट्याने खेळायच्या खेळात नुकसान वेगळ्या जागी होतं. सिव्हिलायझेशन ६ आलं २०१६ मध्ये. तेव्हा युनिट डिलीट केलं की सोनं मिळायचं, आणि सिथिया या संस्कृतीला एका घोडेस्वाराच्या खर्चात दोन मिळायचे. घोडे बनवा, डिलीट करा, सोनं घ्या. यात शत्रूवर अन्याय झाला म्हणून मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की बाजार बांधू की बंदर, हा प्रश्नच उरला नाही. अपडेटने ते सोनं बंद केलं, ते बरंच झालं.

आता तुझं काम. कुणी बग म्हणालं की आधी तपास. अणुबॉम्ब टाकणारा गांधी हा पहिल्या सिव्हिलायझेशनमधला बग, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो खेळ बनवणाऱ्या खुद्द सिड मायर यांनी २०२० मध्ये लिहिलं की तसा बग नव्हताच. म्हणून दोन संगणक, तेच व्हर्जन, एकही मॉड (बाहेरून घातलेला बदल) नाही, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची : मॅप, मग खेळाडूने निवडलेली संस्कृती, मग बाजू. रिप्ले, म्हणजे डावाची नोंद, त्याच दिवशी बघ. एज ऑफ एम्पायर्स किंवा स्टारक्राफ्टसारख्या खेळांच्या रिप्लेमध्ये मुख्यतः खेळाडूंनी दिलेल्या आज्ञा साठवलेल्या असतात, त्यामुळे अपडेटने नियम बदलले की जुना रिप्ले भलतीकडे जातो किंवा उघडतच नाही.

जिंकण्या-हरण्याच्या आकड्यांवर घाईने विसंबू नकोस. तुल्यबळ दोघांत आधीच ठरवलेल्या एकाने १० पैकी ७ किंवा जास्त डाव निव्वळ योगायोगाने जिंकायची शक्यता सुमारे १७ टक्के असते. ९ किंवा जास्त जिंकले, तर ती जेमतेम १ टक्का. सातवर बंदी ठोकणारे आयोजक पुष्कळ आहेत.

नियम स्पर्धेआधी लिही, आणि असा लिही की रिप्ले बघून हो किंवा नाही सांगता येईल. 'मुद्दाम बग वापरू नये' हा नियम निरुपयोगी आहे, कारण मनातलं रिप्लेत दिसत नाही. फुकट संसाधनं, मॅपवरच्या धुक्यापलीकडचं, म्हणजे झाकलेलं, दिसणं, खेळ बंद पडणं किंवा सिंक तुटणं (दोन संगणकांवरचा डाव वेगवेगळा होणं) यांवर सरसकट बंदी ठेव. हालचालीच्या आणि युनिट निवडण्याच्या युक्त्यांना मोकळीक दे. मधेच नवीन युक्ती निघाली तर तो सामना तसाच राहू दे, नियम पुढच्या स्पर्धेपासून लागू कर. वादाच्या निकालाला वेळेची मर्यादाही घाल, म्हणजे १५ मिनिटं, कारण निम्मी मुलं ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला परतणारी असतात आणि लांबलेला निकाल घाईतच लागतो.

फुकट संसाधनांचा खराखुरा बग सापडला, तर ग्रुपवर टाकण्याआधी बनवणाऱ्यांना कळव : व्हर्जन, पायऱ्या आणि सेव्ह फाइल, तिन्ही. नियमांचा मसुदा झाला की मला पाठव. प्रत्येक ओळ मी एकेका रिप्लेवर लावून बघेन.

तुझाच,
ठाण्याचा काका