स्कूबा डायव्हिंगसाठी स्वतःचं काय घ्यावं? पाण्याखाली बोलायचा संच की दुसरं काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोल्हापूरचे, ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स तारकर्लीला झालाय, या थंडीत मित्राबरोबर कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जायचंय. मास्क आणि फिन्स आहेत, बाकीचं तिथं भाड्यानं मिळतं. आता सुरक्षेसाठी काहीतरी स्वतःचं घ्यायचंय आणि मन पाण्याखाली बोलता येणाऱ्या संचावर गेलंय.

माझं स्पष्ट मत: तो संच आत्ता नको. आधी डीएसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायची ती लांब नारिंगी हवेची नळी, तिचं स्पूल (दोरीची रीळ), एक शिट्टी, एक आरसा आणि एक कटर घ्या. पैसे उरले तर डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र. मी मालवणला आणि नेत्राणीला डायव्ह करतो, आणि आपल्याकडच्या नव्या डायव्हर्सच्या खरेदीत हा क्रम उलटा झालेला नेहमी बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोलण्याचं आधी संपवू. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात जेमतेम अंतरातच विरून जातात. त्यामुळं वॉकीटॉकी कितीही वॉटरप्रूफ असला तरी खाली निरुपयोगी. पाण्याखाली बोलायचे खरे संच अल्ट्रासाउंडवर चालतात. शिवाय तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) असताना शब्द नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून सहसा पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लागतो. त्याचं प्रशिक्षण वेगळं आणि संच दोघांकडंही हवा. गार्मिनच्या डिसेंट एमके३आय घड्याळात, सोबत टी२ ट्रान्समीटर असेल तर, ठरावीक छोटे निरोप सोनारनं पाठवता येतात, पण तिथंही दोघांकडं तीच महागडी जोडी लागते. १८ मीटरपर्यंत जाणाऱ्या, मित्राला हाताच्या अंतरावर ठेवायला अजून शिकत असलेल्या माणसाला यातलं काही लागत नाही.

त्याऐवजी बोटीवर पाच मिनिटं काढून हातखुणा पुन्हा एकदा एकमेकांना करून दाखवा. अंगठा वर म्हणजे "वर चला", "झकास" नव्हे. हे कोर्समध्ये शिकवतात, तरी खाली सुंदर मासा दिसला की हात सवयीनं अंगठा दाखवतो आणि जोडीदार वर निघतो. हवा किती उरली ते दाखवायची पद्धत सेंटरगणिक थोडी बदलते, त्यामुळं १०० बारला (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) काय खूण आणि ५० बारला काय, हे त्या दिवशीच्या गाइडला विचाराच. मुरुडेश्वरला बोटीवर कन्नड चालतं, तुमचं मराठी, गाइडचं हिंदी-इंग्रजी. पाण्यात या खुणाच सगळ्यांची भाषा. टाकीवर ठोकलं तर आवाज लांब जातो, पण पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. त्यामुळं कुठून आला ते कानाला कळत नाही. ठोक ऐकू आला की गोल फिरून बघायचं, एवढाच त्याचा उपयोग. एक छोटी स्लेट खिशात असली तर उत्तम.

आणि पाण्यावर आल्यावर बोटीकडं बघून टाटा केल्यासारखा हात हलवू नका. डायव्हिंगमध्ये त्याचा अर्थ "मदत करा" असा होतो. सगळं ठीक असेल तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा गोल करायचा. आपल्या ग्रुपमधला कोणीतरी बोटीवर मोबाइल घेऊन उभा असतो, त्याला बघून हात आपोआप वर जातो. ही सवय पहिल्या दिवसापासून मोडा.

आता मुख्य मुद्दा. नवीन माणसाला भीती खालची वाटते, पण जोडीदार आणि गाइड सोबत असतात ते खालीच. खरा एकटेपणा वर आल्यावर येतो, बोट लांब असेल तर. पाण्याबाहेर तुमचं फक्त डोकं असतं, आणि लाटांत ते तरंगत्या नारळाएवढं दिसतं. त्यात जाळ्यांचे बोये, उन्हाची तिरीप आणि एकाच बोटीतून उतरलेले दोन-तीन ग्रुप. प्रवाह फक्त एक नॉट असला तरी तो तासाला १.८५ किलोमीटर नेतो. अर्ध्या तासात तुम्ही ९०० मीटरहून जास्त सरकलेले असता, आणि बोटीवरचा माणूस अजून तुम्ही उतरलात तिथंच बघत असतो. पोहून बोट गाठायचा विचारही करू नका. वीरधवल खाडेच्या गावचे आपण, पोहण्याचा आत्मविश्वास आपल्यात असतोच, पण टाकी आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) अंगावर असताना प्रवाहाविरुद्ध पोहणं म्हणजे दमून जाणं.

म्हणून डीएसएमबी. उंच घ्या, दीड मीटर किंवा त्याहून मोठी. अर्ध्या मीटरची खेळण्यासारखी मिळते ती नको. तोंड उघडं असलेली नळी वर पोचल्यावर आडवी झाली की हवा सोडून देते, त्यामुळं आत शिरलेली हवा बाहेर न सोडणारी आणि जादा दाब सोडायला व्हॉल्व्ह असलेली बघा. स्पूलवर १५ मीटर दोरी सुरुवातीला पुरते, कारण तुम्ही ती ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपवरून, म्हणजे वर येण्याआधी घ्यायच्या थांब्यावरून, सोडणार आहात.

सोडायची पद्धत नीट समजून घ्या, कारण चुकीची सोडलेली डीएसएमबी स्वतःच धोका आहे. ५ मीटरवर स्थिर व्हा, वर बोट नाही याची खात्री करा, नळी उलगडा, स्पूल एका हातात मोकळं धरा. हवा भरायला सुरुवातीला ऑक्टोपस (जादाचा रेग्युलेटर) वापरू नका, तो फ्रीफ्लो झाला, म्हणजे त्यातून हवा आपोआप सुटत राहिली, तर गोंधळ उडतो. आपल्याच श्वासाची सोडलेली हवा नळीत घाला. नळी काठोकाठ भरायची गरज नसते. ५ मीटरवरची हवा वर पोचेपर्यंत दीडपट होते, १० मीटरवरची दुप्पट. हवा आत गेली की नळी तुम्हालाही वर ओढू लागते, म्हणून भरणं आणि सोडणं यात वेळ काढायचा नाही. सोडली की स्पूल बोटावर गरगर फिरतं. दोरी कुठं अडकली तर स्पूल तत्काळ सोडून द्या. स्पूल बीसीडीला क्लिप करून नळी कधीही सोडायची नाही. अडकली तर ती तुम्हाला सेफ्टी स्टॉप मोडून सरळ वर नेईल. नळी वर पोचली की दोरी खाली ताणून धरा, तरच ती उभी राहते आणि लांबून दिसते. मग तीन मिनिटांचा स्टॉप करा, दोरी गुंडाळत मिनिटाला ९ मीटरहून सावकाश वर या. समुद्रात पहिल्यांदा करून बघण्याऐवजी प्रशिक्षकासोबत पोहण्याच्या टँकमध्ये चार-सहा वेळा करा. नळीवर मार्करनं मोठ्या अक्षरात नाव लिहा, म्हणजे वर कोण आहे ते बोटीवाल्याला कळतं.

शिट्टी आत गोळी नसलेली घ्या, गोळीची ओली झाली की अडते. बीसीडीच्या खांद्यापाशी अशी बांधा की एका हातानं तोंडापर्यंत येईल. पण बोटीचं इंजिन चालू असेल तर शिट्टी ऐकू जाईल असं धरून चालू नका. डाइव्ह अलर्टसारखा हवेवर वाजणारा भोंगा कितीतरी लांब पोचतो, फक्त तो टाकीतल्या हवेवर चालतो. टाकी रिकामी तर भोंगा मुका. याही कारणानं ५० बार शिल्लक ठेवून वर या. आरसा स्वस्त आहे आणि उन्हात किलोमीटरभरावरून चमकतो. एक हात पुढं करून दोन बोटांच्या खाचेत समोरची होडी दिसेल असं धरा आणि कवडसा त्या बोटांवर पाडून हलवा, म्हणजे तो बोटीवर जातो. संध्याकाळचा डायव्ह असेल तर छोटी टॉर्च. कटरबद्दल एवढंच की आपल्या किनाऱ्यावर खडकांत फाटक्या जाळ्या आणि तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) अडकलेला असतो, आणि तंगूस पाण्यात दिसत नाही. मोठ्या सुऱ्यापेक्षा छोटं लाइन कटर बरं, दोन्ही हातांना पोचेल अशा जागी.

इलेक्ट्रॉनिक बीकनबद्दल, म्हणजे आपली जागा कळवणाऱ्या यंत्राबद्दल, विचाराल. नॉटिलस कंपनीचा जीपीएस एआयएसवर, म्हणजे जहाजांची जागा कळवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर, संदेश देतो, पण तो ऐकायला समोरच्या बोटीवर एआयएसचा रिसीव्हर हवा, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या होड्यांवर तो नसतो. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (स्वतःजवळ ठेवायचं संकटसूचक यंत्र) उपग्रहामार्गे थेट बचाव यंत्रणेपर्यंत पोचतो. भारतात नोंदणी बंगळुरूच्या इंडियन मिशन कंट्रोल सेंटरकडं होते. नोंदणी न करता वापरू नका. बरेचसे पीएलबी डायव्हिंगच्या खोलीला टिकत नाहीत, वेगळा डबा लागतो. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात चालत नाहीत, परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवून अडचणीत येऊ नका.

यापेक्षा बोटीवर चढण्याआधी विचारायचे प्रश्न जास्त कामाचे. व्हीएचएफ रेडिओ आहे का, तो चॅनेल १६ या संकटाच्या चॅनेलवर आहे का? इस्रोनं मच्छीमारांसाठी बनवलेलं डॅट हे संकटसूचक यंत्र आहे का? ऑक्सिजनचा संच आहे का आणि तो वापरता येणारा माणूस कोण? लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का? मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर झाला. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये साठवा, पण समुद्रात आत रेंजचा भरवसा नाही.

आणि माणसं मोजणं. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर टॉम आणि आयलीन लोनरगन या अमेरिकन दांपत्याला सोडून बोट किनाऱ्याला परतली. कोणी राहिलंय हे दोन दिवसांनी लक्षात आलं. ते कधीच सापडले नाहीत. डोकी नीट मोजली असती तर तिथंच कळलं असतं. तुमच्या बोटीवर नावं पुकारून मोजणी होत नसेल तर तुम्ही स्वतः मोठ्यानं मोजा, लाजू नका. डायव्हरचा जोडीदार कोण, कधी उतरला, कधी वर आला, हे एका वहीत लिहिणारा माणूस मला कुठल्याही यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

परतीचं एक सांगतो, कारण कोल्हापूरकरांना ते कोणी सांगत नाही. डायव्ह झाल्यावर विमानात बसू नये हे तुम्हाला शिकवलंय. तोच नियम उंचीच्या रस्त्यालाही लागतो. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा की सुमारे ६०० मीटरहून उंच जायचं असेल तर एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि दोन-तीन डायव्हनंतर १८ तास थांबावं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, पण नेत्राणीहून अंकोला, यल्लापूर, हुबळीमार्गे येताना तुम्ही बेळगावला सुमारे ७५० मीटरवर असता. किनाऱ्यानं येऊन आंबोली चढलात तरी तिथं ६९० मीटर. सकाळी दोन डायव्ह करून दुपारीच गाडीला स्टार्टर मारणारे ग्रुप मी बघितलेत. मुरुडेश्वरला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघा.