सारसाच्या जोडीतला एक मेला की दुसराही जीव सोडतो, हे खरं आहे का?

नाही. जोडीदार गेला की मागे राहिलेला सारस त्या जागी घुटमळतो, ओरडतो, पण अन्नपाणी सोडून मरत नाही. पुढे नवी जोडीही जमवतो. वाल्मीकींच्या श्लोकातला क्रौंच म्हणजे सारसच, असं बरेच अभ्यासक मानतात. तिथेही नर मारला जातो आणि मादी आक्रोश करते. मरत नाही.

मी गोंदियाकडचा. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आमच्या धानाच्या पट्ट्यात. मी सातवीत असताना श्रावणात मोठेबाबांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एका जोडीने घरटं केलं. घरटं म्हणजे पाण्यात उपटलेल्या धानाचा नि गवताचा ढीग, वर दोन फिकट अंडी. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नुसती लाल मान दिसायची. जवळ गेलो तर पक्षी उभा राहिला, माझ्याहून उंच. मग दोघांनी चोची आभाळाकडे करून अशी हाक दिली की पार गावापर्यंत ऐकू गेली असेल.

निंदणाच्या वेळी मोठेबाबांनी तो ढीग उपसून धुऱ्यावर फेकायला लावला. अंडी फुटली. जोडी चार दिवस त्याच जागी उभी होती. शाळेआधी मी रोज बघून यायचो. पाचव्या दिवशी बांधी रिकामी.

"पाखरापायी धान सोडायचं का?" हे मोठेबाबा आजही म्हणतात. बाबा धाकटे, ते तेव्हाही गप्प राहिले. ती मोकळी झालेली जागा मी पावलांनी मोजली होती, चार बाय चार. फार तर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. एकरी 15 क्विंटल धरले तरी त्या तुकड्यात दीड किलो धान होतं. दीड किलो! एवढ्यासाठी दोन अंडी फोडली, हे मला कधीच पटलं नाही आणि पटणारही नाही.

सारस दाणे खातो, रोपं तुडवतो, हेही खरंच. ज्याची एकच बांधी आहे त्याला ते लागतं. आणि सारस मरतात ते काही फक्त शेतकऱ्यामुळे नाही, विजेच्या तारा नि फवारणीही आहेत. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याची स्वतःहून दखल घेतली ती उगाच नाही.

बगळ्याशी गल्लत करू नका. बगळा उडताना मान दुमडतो, सारस सरळ ताणतो, आणि झाडावर कधी बसत नाही. गुजरातेत काही भागांत नव्या जोडप्याला सारसाची जोडी दाखवायची रीत आहे. तुम्ही ऐकलेली गोष्ट अशाच कौतुकातून आली असणार.

तुमच्या शेतात घरटं दिसलं तर महिनाभर तेवढा तुकडा सोडा, अंडी उबायला तेवढाच वेळ लागतो. ती बांधी आता माझ्या वाट्याला आली आहे. निंदणाला येणाऱ्या बायांना मी दरवर्षी आधीच सांगून ठेवतो, लाल मान दिसली तर तिकडे जायचं नाही.