परतीचा पत्ता : सू फॉल्स

प्रश्न : ताई, मी वाईचा. टपाल खात्यात ३६ वर्षं काढली, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. सध्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे एडिसनला, न्यू जर्सीत आलो आहे. दुपारी पेटीतलं टपाल काढून आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलंय. त्यात आठवड्याला पाच-सहा पाकिटं क्रेडिट कार्डांची असतात. मुलगा ती न उघडताच फाडतो. जुनी खोड म्हणून मी फाडण्याआधी बघून घेतो. मुलाला खर्चाच्या बदल्यात विमानप्रवास देणारी, माईल्सवाली कार्डं येतात. कागद जाड, वर्षाची फी ९५ डॉलर. तळघरात माझा भाचा राहतो, गोदामात रात्रपाळी करतो. त्याच्या पाकिटांवर हाताएवढ्या अक्षरांत '०%' आणि रंगीबेरंगी चित्रं. सूनबाईला इथे येऊन वर्ष झालं, तिला एकही पाकीट नाही. शिवाय परतीचा पत्ता बहुतेक वेळा साउथ डकोटातलं सू फॉल्स, नाहीतर डेलावेअरमधलं विल्मिंग्टन. एकाच घरात हा पंक्तिप्रपंच कशासाठी? 'प्री-अप्रूव्ह्ड' म्हणजे खरंच मंजूर झालेलं का? आणि एवढं टपाल घालणं यांना परवडतं तरी कसं?
– एक वाचक, वाई

उत्तर : काका, पंक्तिप्रपंच हा शब्द तुम्ही अगदी नेमका काढलात. मी लग्न होऊन डेलावेअरला आले आणि तिथल्या एका कार्ड कंपनीत नऊ वर्षं हेच वाढपाचं काम केलं. कुणाच्या पानात काय पडायचं हे ठरवणाऱ्या खोलीत मी बसत होते. तेव्हा थोडं पापक्षालन म्हणूनही उत्तर लिहिते.

आधी सूनबाई. तिच्या नावावर इथे ना कर्ज, ना कार्ड. त्यामुळे कुणाची उधारी किती आणि ती वेळेवर फिटते का याची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन मोठ्या ब्युरोंकडे तिची फाइलच नसणार, किंवा असली तर दोन ओळींची. तिच्यावर राग वगैरे कुणाचा नाही, ती अजून दिसतच नाही. इथल्या कार्ड कंपनीला नावाशी देणंघेणं नसतं. आम्ही ब्युरोला निकष कळवायचो : परतफेडीचा स्कोअर अमुक ते तमुक, कार्डांवर बाकी इतकी ते इतकी, अलीकडे हप्ता चुकलेला नसावा, पत्ता अमक्या पिन कोडांतला. त्यात बसणाऱ्यांची नावं-पत्ते ब्युरो विकत देई. माणसाला न विचारता त्याची फाइल अशी चाळायला १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याचा आधार आहे. १९९६ च्या दुरुस्तीने त्याचे नियम नीट लिहून काढले. अट मुख्यतः एकच : चाळणीतून जो निवडला गेला त्याला खराखुरा देकार द्यायचा, नुसती जाहिरात पाठवायची नाही. (या चाळणीने कुणाचा स्कोअर खाली जात नाही, मुलाने ती काळजी करू नये.)

म्हणून 'प्री-अप्रूव्ह्ड' हे खोटं नाही, पण अर्धंच खरं. अर्ज केला की कंपनी पुन्हा फाइल बघते. मधल्या काळात हप्ता चुकला असेल, कर्ज वाढलं असेल, तर मंजूर झालेलं नामंजूर होतं. आणि झालंच मंजूर तरी किती? पाकिटावर '१०,००० डॉलरपर्यंत' असतं. त्यातला 'पर्यंत' हा शब्द आम्ही फार जपून वापरायचो. ५०० डॉलरची मर्यादा दिली तरी देकार पाळला असंच होतं.

आता मुलगा आणि भाचा. आमच्याकडे माणसांच्या दोन जाती होत्या. बाकी पुढे ढकलत व्याज भरणारा तो 'रिव्हॉल्व्हर', त्याला मान मोठा. दर महिन्याला पै न् पै चुकती करणाऱ्याला मात्र धंद्यात 'डेडबीट' म्हणत, म्हणजे चक्क बुडव्या! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं आहे. माझे वडील वाण्याची वही दर एकतारखेला कोरी करायचे. ते आमच्या हिशेबात बुडवे ठरले असते.

तुमचा मुलगा या बुडव्यांतला असणार. व्याज मिळायचं नाही, पण खर्च भरपूर, दुकानदाराकडून टक्केवारी मिळते, म्हणून त्याला माईल्स आणि ९५ डॉलरची फी. भाच्याच्या ०% मागे वेगळं गणित असतं. दुसऱ्या कुठल्यातरी कार्डावर बाकी साचलेली आहे, ती आमच्याकडे आणा, वर्ष-सव्वा वर्ष व्याज नाही. असं पाकीट वारंवार येतं ते सहसा फाइलमध्ये तशी बाकी दिसते म्हणून. काका, त्याने घरात काही सांगितलं नसेल. पाकिटाने मात्र तुम्हाला सांगितलं. विचाराल तेव्हा सगळ्यांसमोर विचारू नका. रात्रपाळीहून आला की चहा देताना विचारा.

चित्रांचं तुम्हाला जे जाणवलं त्यावर अभ्यास झालेला आहे. हाँग रू आणि अँटोनेट शोअर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या घरांत आलेल्या अशा पाकिटांचा मोठा साठा तपासला. जास्त शिकलेल्यांकडे माईल्सवाली कार्डं जातात. कमी शिकलेल्यांकडे जातात ती सुरुवातीला स्वस्त आणि मागाहून उशिराची फी, दंडाचा दर अशा वाटांनी वसूल करणारी. अशा पत्रांत चित्रं आणि रंग जास्त, अटी मात्र शेवटी, बारीक अक्षरांत. मी वाचलं तेव्हा लाज वाटली, आश्चर्य नाही वाटलं. आमच्या खोलीत कुणी 'अडाण्यांना पकडा' असं कधी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. एकाच देकाराची बारा-पंधरा रूपं करायची, थोड्या थोड्या लोकांना पाठवायची, ज्याला उत्तरं जास्त ते लाखांनी छापायचं. आमच्या साहेबांना एक सोनेरी कडांचं पाकीट फार आवडलं होतं. ते सपशेल पडलं. जिंकलं ते राखाडी, खिडकीचं, कर खात्याच्या नोटिशीसारखं दिसणारं. माणूस घाबरून उघडतो. ही पद्धत या धंद्यात रुजवली ती रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस या दोघांनी. १९८८ साली त्यांनी व्हर्जिनियातल्या सिग्नेट बँकेत अशा चाचण्या सुरू केल्या, आणि त्यातूनच पुढे कॅपिटल वन निघाली.

परवडण्याचा हिशेब तुमच्या खात्यातल्या माणसाला लगेच कळेल. २००५ च्या सुमाराला अमेरिकेत वर्षाला जवळजवळ सहा अब्ज अशी पाकिटं पडत होती आणि हजारात तिघे उत्तर देत होते. समजा छपाई, यादी, टपाल धरून पाकिटाला अर्धा डॉलर. हजारांचे ५०० डॉलर, म्हणजे एक गिऱ्हाईक १६७ डॉलरला पडलं. त्याने ३,००० डॉलरची बाकी २४ टक्क्यांनी वर्षभर वागवली की ७२० डॉलर व्याज. उरलेले ९९७ फाडेनात का! तिकिटाच्या जागी 'प्रीसॉर्टेड' असा छाप तुम्ही पाहिला असेलच. टपाल पिन कोडप्रमाणे लावून पोत्यात भरून दिलं की दर कमी पडतो. सॉर्टिंगचं काम यांनी करायचं आणि खात्याने सूट द्यायची. तुमच्या वाईच्या ऑफिसात हे चाललं असतं का, तुम्हीच सांगा.

सू फॉल्सची गंमत मोठी आहे. पूर्वी प्रत्येक राज्याची व्याजाला कमाल मर्यादा असे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्क्वेट बँकेच्या खटल्यात निकाल दिला की राष्ट्रीय (म्हणजे केंद्राच्या परवान्याची) बँक ज्या राज्यात आहे तिथला दर ती दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाही लावू शकते. मग काय, जिथे मर्यादा नाही तिथे बिऱ्हाड हलवायचं. साउथ डकोटाने १९८० साली मर्यादा उठवली आणि सिटीबँकेचा कार्डांचा कारभार १९८१ मध्ये न्यूयॉर्कहून तिकडे गेला. त्याच वर्षी डेलावेअरनेही कायदा करून दारं उघडली. विल्मिंग्टनमध्ये बँका भरल्या आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखी संगणकवाली मंडळी. तेव्हा परतीचा पत्ता म्हणजे व्याजाची मर्यादा जिथे नाही तो गाव, असं वाचायचं.

आणि तुम्ही हे पत्र बघताय हीसुद्धा सुधारणाच म्हणायची. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावात ६०,००० चालू कार्डंच टपालाने घरोघरी टाकली, कुणी मागितली नसताना. पुढे बाकीच्या बँकांनीही तेच केलं. चोऱ्या आणि बुडीत उधारी इतकी झाली की १९७० साली न मागता कार्ड पाठवायला बंदी आली. तेव्हापासून कार्डाऐवजी आमंत्रण येतं.

आता करायचं काय? मुलाची पाकिटं खुशाल फाडू द्या, फक्त नाव आणि कोड छापलेला भाग बारीक करा. पाकिटं नकोतच असतील तर १-८८८-५६७-८६८८ वर फोन करायचा; नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. पाच वर्षं बंद होतात. कायमची बंद करायला सहीचा फॉर्म टपालाने पाठवावा लागतो. हा क्रमांक पत्रातच असतो, पहिल्या पानावर, कायद्याने मोठ्या टाइपात. तरी तो कुणाला दिसत नाही, यात आमच्या सजावटवाल्यांचं कौशल्य.

भाच्याचं मात्र एक पाकीट फाडू नका. त्यात एक चौकोनी तक्ता असतो, त्याला इथे शूमर बॉक्स म्हणतात, १९८८ च्या कायद्यामागच्या चार्ल्स शूमर यांच्यावरून. चित्रं झाकून फक्त तेवढाच वाचायचा. ०% किती महिने, नंतर किती, बाकी हलवण्याची फी किती. समजा बाकी ४,००० डॉलर, फी ४ टक्के, मुदत १५ महिने. ४,१६० भागिले १५, म्हणजे महिन्याला २७८ डॉलर. एवढे त्याच्याकडून निघत असतील तर घ्यावं. आत्ताच्या कार्डाला २४ टक्के असतील तर पहिल्याच महिन्याला ८० डॉलर नुसतं व्याज जात असेल. निघत नसतील तर सोळाव्या महिन्यात नवा दर लागेल आणि तो आहे तिथेच राहील, वर १६० डॉलर फी गेलेली. आणि त्या नव्या कार्डावर किराणासुद्धा घ्यायचा नाही. ०% बहुतेकदा हलवलेल्या बाकीपुरतं असतं. ती बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागू शकतं. आम्हाला सर्वांत जास्त उत्पन्न तिथूनच यायचं.

प्रश्न : माझ्या आईला जाऊन दोन वर्षं झाली. तरी तिच्या नावाने कार्डांची पाकिटं येतात. बाबा ती फाडत नाहीत, टेबलावर रचून ठेवतात. कशी थांबवू?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : तिन्ही ब्युरोंना मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आईचं पूर्ण नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर लिहून पाठवा, फाइलवर 'मृत' अशी नोंद करायला सांगा. ही पत्रं रजिस्टर्ड टपालाने घाला, पोच ठेवा. छापून गेलेल्या याद्या महिना-दोन महिने आधीच्या असतात, तेव्हा मधल्या काळात चार-दोन येतील. दुकानांची आणि मासिकांची यादी वेगळी असते, त्यांना वेगळं कळवावं लागेल. टेबलावर रचलेली आहेत ती बाबांना हवी तेव्हा उचलू देत.